माशाच्या शेपटीचे बिल्ले

भिलाईत पोरं मला 'भंगारबाई' म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पत्र्याच्या शेडमध्ये पाठीमागचं बोलणंही समोरच्यासारखंच ऐकू येतं. त्या नावाचा मला राग नव्हता. रागवायला दुसरं पुष्कळ होतं. चित्रकला आणि हस्तकला असे दोन विषय माझ्या गळ्यात मारले होते आणि त्यांच्यासाठी मिळालं काय, तर खडूंचा एक डबा. त्यातले अर्धे ओले. कागदाचं विचारलं तर बडे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, म्हणाले, अजून शाळेला पाण्याचा नळ यायचाय, तुम्ही कागदाचं काय घेऊन बसलात.

घ्या! नळ नाही म्हणून चित्र नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच फिरत होते. गुरुजींच्या खोलीतून तणतणत बाहेर आले आणि समोर बघितलं. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटलेली होती, दुसरीचं काम चालू होतं, आणि रिसालीच्या दिशेनं नजर जाईल तिथवर खणलेला लाल मुरूम. त्या मुरमावर काय पडलेलं नव्हतं? खोक्यांच्या फळ्या, दुधाच्या पावडरीचे डबे, वायरींचे तुकडे, फुटके बल्ब, मेणकागद, रंध्याचा भुसा. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "पोट्टे हो, घरी जे फेकून देतात ते घेऊन या."

माझी एकच शिस्त होती. एखादी वस्तू उचलली की ही काय आहे ते सांगायचं नाही, ही काय होऊ शकते ते सांगायचं. डबा दाखवला की कोणी म्हणे ढोलक, कोणी म्हणे कासव, कोणी म्हणे आमच्या आजाचं पोट. आठवड्याभरात पोरांना ती सवयच लागली. जेवणाच्या सुट्टीत सुद्धा ती रस्त्यावरच्या रोडरोलरला नवी नावं देत बसायची.

या खेळात सगळ्यात तरबेज होती तिसरीतली एक पोरगी. भंडाऱ्याकडून आलेलं कुटुंब; लेबर कॅम्पात एक खोली, घरात आई-बाप आणि ही एकटी. बाप प्लांटच्या यार्डात खलाशी, म्हणजे अवजड माल हलवणारा मजूर होता. रशियाहून आलेली यंत्रं खोक्यांतून काढून उघड्या मैदानावर ओळीनं मांडायची आणि जोडणीची वेळ येईपर्यंत त्यांची राखण करायची, हे त्याचं काम. आपल्या लोकांनी लेकरं शिकवलीच पाहिजेत असं तो कुठल्याशा सभेत ऐकून आला होता आणि त्यानं ते इतकं मनावर घेतलं होतं की पोरीला ताप असला तरी शाळेत आणून सोडायचा. पोरगी दुपारच्या सुट्टीत त्याचा डबा घेऊन यार्डात जायची. तेव्हा कुंपण पुरतं झालेलं नव्हतं. डबेवाल्या पोराबाळांना कोणी अडवायचं नाही.

रिकाम्या खोक्यांच्या फळ्या कामगारांना चुलीसाठी न्यायला मिळत. आमच्या शाळेची एक भिंतच त्या फळ्यांची होती. त्या फळ्यांवर ॲल्युमिनियमचे बिल्ले ठोकलेले असत, आगपेटीएवढे, पातळ, वर आकडे आणि रशियन अक्षरं. पोरीनं एकदा असे चार-पाच बिल्ले आणले. मी विचारलं, हे काय होऊ शकतं? ती क्षणभर थांबली नाही. "मासोळीचे खवले, बाई."

झालं. माझ्या डोक्यात मासा शिरला. फळ्या जोडून पाच हात लांब मासा कापला आणि सगळा वर्ग फळ्यांवरचे बिल्ले उपटायला लागला. दीड महिन्यात डोक्यापासून पोटापर्यंत खवले चढले. सकाळचं ऊन दारातून आत आलं की मासा असा चकाकायचा की बडे गुरुजी सुद्धा येऊन बघून गेले. त्यांनीच मग ठरवलं, शाळेचं प्रदर्शन भरवायचं, प्लांटचे साहेब आणि रशियन इंजिनिअर बोलवायचे. जाता जाता मला म्हणाले, प्रदर्शन चांगलं झालं तर तुमच्या कायम नोकरीचा कागद मी वर पाठवतो.

तो कागद मला किती हवा होता ते सांगते. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. गुडघे गेल्यावर घरी बसले. दुर्गला आम्ही भाड्यानं राहत होतो, पाठच्या दोघी बहिणी शिकत होत्या, आणि घर माझ्या तात्पुरत्या नोकरीवर चाललं होतं. तात्पुरती म्हणजे, उद्यापासून येऊ नका म्हटलं की संपलं.

आणि माशाला शेपटी नव्हती. प्रदर्शन पुढच्या आठवड्यावर आलं आणि खोक्यांचे बिल्ले संपले. मी वर्गावर चिडले. "तीसेक बिल्ले तरी पाहिजेत. शेपटीशिवाय मासा असतो काय? कुठूनही आणा!"

कुठूनही. हा शब्द मी उच्चारला. पुढे खूप वर्षं मी तो शब्द वर्गात वापरला नाही.

तीन दिवसांनी पोरगी सुतळीत ओवलेले बिल्ले घेऊन आली, गजरा आणावा तसे. एकतीस होते. मी तिला उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं. मग एकेक बिल्ला हातात घेतला आणि बघितलं, तर याला खिळ्याची भोकं नव्हती. एकच भोक होतं, गोल, कडेला. दोन बिल्ल्यांच्या भोकात तर बारीक तार अजून पिळलेली होती. खोक्याला ठोकलेला बिल्ला नव्हे हा. कशाला तरी तारेनं बांधलेला होता.

मला कळलं नाही असं मी आजवर कोणाकोणाला सांगितलंय. खोटं आहे ते. विचारायचं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. मी पक्कड घेतली, तारेचे ते दोन तुकडे कापून खिडकीबाहेर टाकले आणि तिला म्हटलं, "तूच बांध शेपटी. छान बांध." तिनं सुतळीतल्या ओळीनंच एकेक बिल्ला बांधला. कडेचा एक बिल्ला मला जरा मळकट दिसला, म्हणून तो मी आत सरकवला आणि आतला एक चकचकीत बाहेर घेतला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पोरगी शाळेत आली नाही. दुपारी, वर्ग सुटल्यावर मी मासा पुसत होते, तेव्हा तिची आई दारात उभी राहिली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. चालत आली होती; पाय घोट्यापर्यंत लाल.

"बाई, एक अर्ज लिवून द्या जी," ती म्हणाली. कॅम्पातल्या बायकांचे अर्ज मीच लिहायची. त्यात नवं काही नव्हतं. मी पाटावर बसवलं, कागद घेतला, विचारलं, कशाचा?

"सकाळपासून पोट्टीच्या बाबाले बसवून ठेवलं हाये यार्डाच्या हापिसात. मशीनचे बिल्ले गेले म्हणतात. बिल्ला नसला तं कोणतं लोखंड कुठं बसते ते कोणालेच समजत नाई म्हणे. सारं काम थांबलं. साहेब म्हणते, तू राखणदार, तूच भंगारवाल्याले विकले. पाच वाजताचा भोंगा झाला का नाव काटतो म्हणते." तिनं श्वास घेतला. "नाव कटलं का खोली बी गेली जी. आमी जाव कुठं? गावात काय ठेवलं हाये?"

ती बोलत होती माझ्याकडे बघून, आणि तिच्या डोक्यावर, भिंतीला, तो मासा. एकतीस बिल्ले शेपटीत. तिला काही वाचता येत नव्हतं, ना आकडे ना अक्षरं. एकदा तिनं मान वर करून बघितलं आणि एवढ्या दुःखातही म्हणाली, "आमची पोट्टी याचंच सांगत राहते घरी."

बोलावं, आत्ता बोलावं, असं सारखं वाटत होतं. आणि त्याच वेळी डोक्यात दुर्गचं घर, वडिलांचे गुडघे, उद्याचे साहेब, वर जाणारा कागद. मी टाक दौतीत बुडवला. हिंदीत लिहिलं: सविनय निवेदन है कि मेरे पति निर्दोष हैं। इन बिल्लों के बारे में न उनको कुछ मालूम है, न हमारे घर में किसी को।

"वाचून दाखवा जी," ती म्हणाली. मी वाचून दाखवलं. तिनं शाळेच्या शिक्क्याच्या शाईत अंगठा बुडवला, कागदावर जपून टेकवला, आणि मला हात जोडून गेली. मला हात जोडून! मी दाराला कडी लावली आणि खाली बसले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं, पण तेवढंही धैर्य नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. दार वाजलं. पोरगी होती. रडून रडून चेहरा सुजलेला, पण आता रडत नव्हती.

"बाई, शेपटी काढून द्या ना."

"तू कुठून आणलेस ते?" मी विचारलं. आता विचारलं मी, बघा.

"लोखंडावरून. ते फेकलेलंच होतं ना बाई. त्याच्यावर गवत उगवलं होतं." मग शेपटीकडे बघत म्हणाली, "मले वाटलं फेकलेलं हाये."

तिचं काय चुकलं? पावसाळाभर जे लोखंड गवतात पडून आहे ते टाकाऊ की उद्याच्या भट्टीचं, हे आठ वर्षांच्या पोरीनं कशावरून ओळखायचं? मोठी माणसंही दगड समजून त्या यंत्रांवर बसून डबे खायची.

"मले माहीत हाये कोणतं कुठचं," ती म्हणाली. "मी ओळीनंच ओवले. परत बांधून देईन. बाबाले सोडतील ना?"

भोंगा व्हायला तासही उरला नव्हता. शेपटी काढत बसलो असतो तर सुतळीची ओळ बिघडली असती. मी आख्खा मासाच भिंतीवरून उतरवला. बडे गुरुजी आवाजानं धावत आले. "बाई, पागल हो गई हो क्या? कल मेहमान आ रहे हैं!" मी म्हटलं, गुरुजी, बाजूला व्हा. त्यांनी माशाचं डोकं धरून ठेवलं, मी ओढलं, दोन-चार खवले तिथंच गळून पडले. "याचा परिणाम तुम्हाला भोगावा लागेल," असं काहीसं ते हिंदीत ओरडत होते. मी तोवर फाटकाच्या बाहेर होते. पुढून मी, मागून शेपटीकडून पोरगी, आणि मध्ये पाच हातांचा मासा. रस्त्यावर माती वाहणाऱ्या बायका पाट्या खाली ठेवून बघत राहिल्या. पोरगी धावता धावता दोनदा पडली, पण शेपटी तिनं जमिनीला लागू दिली नाही.

यार्डाच्या ऑफिसबाहेर तिची आई भिंतीला टेकून बसली होती. आम्हाला बघून उठली; मासा का आणलाय ते तिला समजेना. आम्ही आत शिरलो तशी तीही मागून आली.

आत यार्डाचा साहेब टेबलामागे, शेजारी एक रशियन इंजिनिअर हातात नकाशांची गुंडाळी घेऊन, आणि कोपऱ्यात स्टुलावर पोरीचा बाप. सकाळपासून त्याला पाणी सुद्धा दिलेलं नसावं, ओठ पांढरे पडले होते. मी मासा टेबलाला टेकवला. रशियन इंजिनिअर वाकला, शेपटीतला एक बिल्ला बोटानं उलटून बघितला आणि त्याच्या भाषेत मोठ्यानं काहीतरी म्हणाला.

साहेब पोरीकडे वळला. "किसने निकाले?"

"मी," ती म्हणाली.

"किसने बोला था निकालने को?"

पोरीनं माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. खाली मान घालून म्हणाली, "कोणीच नाई."

मी नुसती माशाचं डोकं सावरत राहिले. तेवढ्यात बाप स्टुलावरून उठला. त्यानं एकदा पोरीकडे, एकदा माशाकडे पाहिलं. सगळं समजला असणार. "साहेब, पोट्टी लहान हाये. मीच काढून दिल्ले तिले. काटा माझं नाव."

हे ऐकल्यावर मात्र माझ्या आत काहीतरी तुटलं. "झूठ है!" मी इतक्या जोरात ओरडले की मीच दचकले. "मी सांगितलं होतं. कुठूनही आणा म्हणून मी सांगितलं. आणलेले बिल्ले कुठले ते मला दिसलं होतं. तारा मी स्वतः कापल्या." हिंदी, मराठी, काय येईल ते बोलत होते.

साहेबानं शांतपणे टेबलावरचा एक कागद उचलला. माझ्या अक्षरातला अर्ज. तो म्हणाला, "ये लिखावट आपकी है?"

"जी."

"आज दोपहर को लिखा?"

"जी."

"तब ये मछली कहाँ थी?"

"दीवार पर," मी म्हटलं. "सामने."

माझ्या मागे पोरीची आई उभी होती. तिचा आवाज अगदी हळू आला. "बाई, मी समोर बसली होती तवा तुमाले माहीत होतं?"

मी वळले. "हो," एवढंच म्हणता आलं. तिनं नुसता पदर पुढे ओढून घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचा अर्धा तास मला आठवतो तो पोरीच्या पाठीचा. यार्डात ती पुढे, तिच्यामागे बाप बिल्ला आणि तार घेऊन, त्यामागे रशियन इंजिनिअर नकाशा उलगडून. ती प्रत्येक लोखंडापाशी थांबायची, हात ठेवायची आणि नाव सांगायची. "हे जातं. हा शेवयाचा साचा. हा हत्तीचा पाय. ही बुड्याची कवळी." माझ्या वर्गातला खेळ ती रोज डबा नेताना एकटी खेळत होती, सगळ्या यार्डाला तिनं नावं देऊन टाकली होती. बाप बिल्ला बांधायचा, इंजिनिअर नकाशात बघायचा आणि मान डोलवायचा. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. मी श्वास धरून मोजत होते. दोन ठिकाणी त्यानं मान हलवली, नाही. पोरगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी पुढे झाले. ते दोन बिल्ले मी सरकवलेले होते, शेपटी सुंदर दिसावी म्हणून. त्यांची अदलाबदल केली आणि नकाशाशी जुळले. त्याच वेळी भोंगा झाला.

बापाचं नाव कटलं नाही. राखणदारी मात्र गेली. त्याला माल चढवण्याच्या टोळीत घातलं. जाताना तो माझ्यापाशी थांबला तेव्हा मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. तर तो म्हणाला, "बाई, पोट्टीले शाळेतून काढू नका जी." मी म्हटलं, नाही काढणार. दुसरं काय करणार होते? प्रदर्शन झालं, बिनशेपटीच्या माशाचं. माझा कागद त्या वर्षी वर गेला नाही, पुढच्या वर्षीही नाही.

पोरगी शाळेत येत राहिली. भंगाराचा ढीग मांडला की ती पूर्वीसारखी झडप घालायची नाही. हात पाठीमागे बांधून आधी विचारायची, "बाई, हे कोणाचं हाये?" खिळ्याचं, दोऱ्याचं, बाटलीच्या बुचाचं सुद्धा.

पंधरा दिवसांनी, शाळा सुटल्यावर, तिची आई आली. मी पाटाकडे हात केला. ती त्याच जागी, त्याच पाटावर बसली आणि पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला. तोच अर्ज. साहेबानं तिला परत दिला होता.

"मले वाचाले शिकवा," ती म्हणाली. या वेळी तिनं 'जी' लावलं नाही.

मी घाईघाईनं पहिलीचं पुस्तक काढलं. तिनं ते बाजूला सारलं आणि अर्ज माझ्यासमोर उलगडला. "याच्यावरून शिकवा. मी कशावर अंगठा टेकवला ते मले वाचता आलं पाहिजे. पुढचा अर्ज माझा मी लिवीन."

मग रोज संध्याकाळी ती यायची. मी बोट ठेवायची, ती अक्षर म्हणायची. स, वि, न, य. पहिली ओळ तिला आठवड्याभरात यायला लागली. दुसऱ्या ओळीत 'मालूम' या शब्दापाशी मात्र ती दर वेळी अडायची आणि मान वर करून माझ्याकडे बघायची. आणि ती पुढे सरकावी म्हणून तो शब्द मला मोठ्यानं म्हणून दाखवावा लागायचा.